मुळी बघून रोप घ्या

वणी, दिंडोरी, कळवणच्या शेतकरी बंधुभगिनींनो, आजचा विषय टिशू कल्चरचं डाळिंब. बोलणार आहे मात्र मुळीविषयीच. रोपवाटिकेत गेलं की आपण उंची बघतो, पानांचा तजेला बघतो. मुळी कोण बघतं?

टिशू कल्चरच्या बाटलीत फुटवे वाढवणं मुळीच्या मानाने सोपं. द्राक्षवाल्यांना सिक्स बीए ठाऊकच आहे. तसल्याच सायटोकायनिन संप्रेरकावर एका डोळ्याचा झुपका होतो. पण त्यानेच मुळी अडते. फुटवा की मुळी, हे सायटोकायनिन आणि ऑक्झिनच्या प्रमाणावर ठरतं, हे स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये तंबाखूवर दाखवलं. म्हणून मुळीसाठी सायटोकायनिन काढतात, क्षार बहुधा निम्म्यावर आणतात, आयबीए हे ऑक्झिन देतात. केळ चटकन मुळ्या सोडते. डाळिंब लाकडी झाड. त्याचा काप काळा पडतो, कधी बुडाशी नुसती गाठ धरते. त्या गाठीतून आलेली मुळी खोडाशी नीट जुळलेली नसते, धक्क्याने तुटते.

चांगली मुळी सुटली, तरी ते बाटलीवरचं बाळ आहे. लिटरला 30 ग्रॅम साखर आयती मिळालेली. पानावर मेणाचा थर पातळ, मुळीला केसमुळं जवळजवळ नाहीत. उष्टावणाच्या दिवशी बाळाला कुणी बाजरीची भाकरी देतं का? आधी पेज, मग गुरगुट्या भात, दात आले की भाकरीचा मऊ तुकडा. तसंच आधी कोकोपीट आणि धुक्याचा ओलावा, मग शेडनेटखाली पिशवी, मग हळूहळू ऊन. भाव चढला की काही रोपवाले पेजेवरून थेट भाकरीवर येतात. रोप आठ दिवसांत मान टाकतं आणि आपण पाण्याला दोष देतो.

गुटीच्या रोपातून तेल्या रोग येतो म्हणून आपण टिशूकडे वळलो, ते योग्यच. निरोगी मातृझाडाचं रोप तेल्या बरोबर आणत नाही. पण ते तेल्याला दाद न देणारं रोप नव्हे! शेजारच्या बागेतून पावसाच्या शिंतोड्यांनी तो येतोच. फवारणी सोडू नका, बाबांनो.

पुन्हा सांगते, मुळी बघा. एक पिशवी फाडायला लावा. मुळ्या पांढऱ्या, फाटे फुटलेल्या हव्यात. माती धरून ठेवणाऱ्या, पण तळाशी वेटोळं न झालेल्या. रोप शेडनेटखाली किती दिवस होतं, तेही विचारा. पिशवी फाडू देत नसेल, तर दुसरी रोपवाटिका गाठा.

वेळ संपत आली, पाण्याचं राहिलंच. सुरुवातीला ठिबकची तोटी बुडाजवळच ठेवा, मुळी पसरली की ती सरकवायची. किती लांब, ते जमिनीवर अवलंबून आहे. मुरमाड असेल तर... ते पुढच्या वेळी सांगेन.