उसण भरली, आता काय?

वाकून बादली उचलताना कमरेत उसण भरली की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. कुणी तेल गरम करतं, कुणी गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावून आणतं. पायाळूनं पाय लावला की बरं वाटतं, हे खरंच आहे. कारण बहुतेक उसणी काही दिवसांत आपल्या आपण उतरतात, श्रेय मात्र पायाला जातं! त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण आहे ते ‘आता आठ दिवस अंथरुणातून हलायचं नाही’ या सल्ल्याशी.

साध्या उसणीत शिरेवर शीर चढलेली नसते, मणकाही सरकलेला नसतो. स्नायू आखडतात. पडून राहिलं की ते आणखी ताठतात आणि माणूस हलायलाच घाबरू लागतो. दिवसभर आडवं व्हा, शेक घ्या; दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात चाला. उठताना सरळ उठू नका. गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि हाताच्या कोपरावर भार देऊन बसते व्हा. कळ कमी येते.

पोटरीत गोळा आला तर पाय सरळ ठेवून चवडा आपल्याकडे ओढा.

घोटा मुरगळला तर हिशेब वेगळा. पहिले दोन दिवस चोळणं नको, शेकही नको, सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, पण हलक्या हातानं. १९७८ साली ‘विश्रांती आणि बर्फ’ हा मंत्र रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितलं, की दोन्हींचा अतिरेक झाला तर बरं व्हायला उशीर लागतो. तेव्हा सोसेल तसा पाय हलवायला लागा.

हाड मोडलंय का, हे कसं ओळखायचं? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये सोपी कसोटी दिली. चार पावलं टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखते? मग एक्स-रे काढा. हाडवैद्याकडे जायचंच असेल, तर एक्स-रे पाहून मग.

पावसाळ्यात तापाबरोबर सांधे धरले, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही मापात.

आणि काही दुखण्यांत घरगुती उपाय करत बसायचंच नाही. एकच सांधा लालबुंद, गरम आणि सोबत ताप. कंबरदुखीत लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली. डावा खांदा दुखतोय आणि दरदरून घाम फुटलाय. असं झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढा आणि दवाखाना गाठा.