ऊब जाते कुठे?

दिवेलागण झाली असेल, चूल पेटली असेल. हातातलं काम चालू द्या आणि ऐका. आज आम्ही चौघी बोलणार आहोत ते थंडीविषयी आणि घराविषयी.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही लडाखला गेलो होतो. आमच्यातल्या एकीचा मुलगा लष्करात आहे. त्याच्याकडून थंडीच्या गोष्टी ऐकून ऐकून वाटायचं, तिथल्या बायका घर चालवतात तरी कसं? लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचावर आहे. हिवाळ्यात रात्री पारा उणे 20 अंशांच्याही खाली जातो. झाडं थोडी, त्यामुळे लाकूड महाग. गोवऱ्या उन्हाळ्यातच थापून, गोळा करून ठेवायच्या. आणि हे काम कुणाचं? आपल्याकडे असतं त्यांचंच. म्हणजे घरातली ऊब वाया गेली की बाईचे कष्ट वाया गेले, एवढा सरळ हिशेब.

लेहमध्ये दोन दिवस नुसता आराम केला, कारण तिथली हवा विरळ. मग एका गावात मुक्काम केला. घरच्या आजींना आम्ही तिथल्या रीतीनं ‘आमा-ले’ म्हणायचो. त्या लडाखी बोलायच्या, त्यांची सून आम्हाला हिंदीत सांगायची.

घर मातीच्या विटांचं. खाली गोठा, त्यावर स्वयंपाकघर, सगळ्यात वर चाऱ्याची खोली आणि एक काचेची खोली. पाहुणे म्हणून आम्हाला काचेची खोली दिली. दुपारी ऊन आलं की तिथं स्वेटर काढावा लागायचा. पण रात्री? काचेतून आणि छतातून सगळी ऊब निघून गेली. सकाळी तांब्यातलं पाणी गोठलेलं! आम्ही मुकाट्यानं गोधड्या उचलल्या आणि खाली स्वयंपाकघरात आलो. घरची माणसंही हिवाळाभर तिथंच झोपतात.

तेच घर, तीच रात्र. मग एक मजला खाली एवढी ऊब कशी? आमा-ले हसल्या. आधी त्यांनी जमिनीकडे बोट केलं, मग आढ्याकडे. खाली गोठ्यात गाई, त्यांच्या अंगाची ऊब जमिनीला. वरच्या खोलीत हिवाळ्याचा चारा छातीएवढा रचलेला. खाली गोठा, मध्ये माणसं, वर चारा. जणू अंगाखाली सतरंजी आणि अंगावर गोधडी!

आता यातलं कारण बघू. उदबत्तीचा धूर वर जातो, तशी तापलेली हवाही वर जाते. वर छत उघडंबोडकं असेल तर ती तिथून ऊब टाकून देते. आपण खाली कितीही जाळ घाला, डोकं तापतं, पाय गारच राहतात. चुलीकडे तोंड भाजतं, पाठ काकडते. चाऱ्यात काय असतं? काड्यांच्या मध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा. तीच ऊब अडवते. गोधडीत जुनी लुगडी एकावर एक घालतो, त्याचंही हेच कारण. एक वीत सुका पेंढा जेवढी ऊब अडवतो, तेवढी अडवायला माती जवळजवळ दहा विती लागेल आणि काँक्रीट वीस वितींहूनही जास्त.

मग माती कुचकामी का? नाही. माती ऊब अडवण्यात कमी, पण साठवण्यात पुढे. दिवसा उन्हानं, चुलीनं तापलेली जाड भिंत रात्री हळूहळू ऊब सोडते. म्हणून दोन्ही हवीत. माती आतल्या बाजूला साठवायला, पेंढा बाहेरच्या बाजूला आणि वर अडवायला. जुन्या लडाखी छतात पॉप्लरच्या तुळया, त्यावर विलोच्या काटक्या, त्यावर गवत आणि वर माती असते. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवद आठवतंय ना? त्याचीच ही लांबची बहीण.

दोन मजली घरासाठी आमा-लेंकडून आम्ही एक साधा नियम शिकलो. हिवाळ्यात वरचा मजला बंद ठेवणार असाल, तर दोन मजल्यांच्या मध्येच पेंढा, भुसा किंवा चारा घाला आणि जिन्याचं दार बंद करा, म्हणजे ऊब वर पळणार नाही. दोन्ही मजल्यांवर राहणार असाल, तर पेंढा सगळ्यात वरच्या छतावर घाला, मधला मजला मोकळा सोडा. खालची ऊब वर जाईल, दोन्ही मजले सारखे राहतील. पांघरूण नेहमी शेवटच्या माणसाच्या अंगावर, मधल्याच्या नव्हे.

आता सुनेची गोष्ट. तिचं बाळ तीन महिन्यांचं. मुलानं हौसेनं शेजारी काँक्रीटची नवी खोली बांधली होती. 2010 साली ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली, मातीची कितीतरी घरं वाहून गेली, ढासळली. तेव्हापासून अनेकांना काँक्रीटचा भरवसा वाटतो. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. पण त्या खोलीत पहिल्या थंडीत बुखारीला, म्हणजे धुराड्याच्या लोखंडी शेगडीला, दुप्पट लाकूड लागलं. तरी स्लॅबखाली दव साचायचं, थेंब बाळाच्या अंथरुणावर पडायचे. सून बाळाला घेऊन परत जुन्या स्वयंपाकघरात आली.

खोली पाडली नाही. गावच्या सुताराकडून स्लॅबच्या एक हात खाली फळ्यांचं छत करून घेतलं. फळ्यांवर आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर वीतभर सुका पेंढा आणि भुसा. प्लास्टिक पेंढ्याच्या खालीच का? कारण श्वासाची, चहाची वाफ खोलीतून वर जाते. ती पेंढ्यात शिरली की पेंढा भिजतो, आणि भिजलेला पेंढा ऊब अडवत नाही, ओल्या गोधडीसारखाच. बुखारीच्या धुराड्याभोवती हातभर जागा पेंढ्याविना सोडली, तिथं पत्रा आणि माती, म्हणजे आग लागायला नको. दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून पारदर्शक प्लास्टिकचा मांडव घातला. दिवसा त्यात ऊन कोंडतं, ती ऊब खोलीत घ्यायची, संध्याकाळी दार लावून जाड पडदे ओढायचे. उन्हाळ्यात मांडव काढून ठेवायचा. लडाखमध्ये वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं, आणि ऊन फुकट आहे. आम्ही गेलो तेव्हा सून बाळासह त्याच खोलीत राहत होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वयंपाकघरातल्या पहिल्या रात्री खिडकीच्या वरच्या एका भोकातून गार झुळूक येत होती. आम्ही शहाणपणानं त्यात टॉवेल कोंबला. आमा-लेंनी पाहिलं आणि ताडकन उठून तो ओढून काढला. म्हणाल्या, “जाळ जळतो तिथं घराला नाक हवं.” कोंडलेल्या खोलीत जाळ धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. डोकेदुखी उंचीमुळेही होते, म्हणून तिथं फसायला होतं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम असं झालं, तर विचार करत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, दवाखान्यात न्या.

हे ऐकताना आम्हा चौघींना एकच गोष्ट आठवली. आपली बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या लावलेल्या, फटींत चिंध्या, खाटेखाली कोळशाची शेगडी. आमच्यातल्या एकीला तिच्या बाळंतपणात रोज सकाळी डोकं जड व्हायचं, उलटी व्हायची. सगळे म्हणाले, अशक्तपणा. आता वाटतं, थोडक्यात वाचली.

म्हणून मैत्रिणींनो, शेगडी वाढवण्याआधी ऊब कुठून जाते ते शोधा. आपल्याकडे लडाखची थंडी नाही, पण निफाडचा पारा कधी कधी 5 अंशांच्या खाली जातो, आणि पत्र्याचं घर रात्री कसं गारठतं ते आपल्याला ठाऊक आहे. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करून वर सुका पेंढा घाला. चुलीपासून आणि विजेच्या वायरींपासून तो लांब ठेवा, उंदरांवर लक्ष ठेवा. हेच छत मे महिन्यात उन्हाचा तावही अडवेल. जमिनीवर पोत्याचं बारदान आणि त्यावर सतरंजी अंथरा. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा तर कुणीतरी जागं असताना, खिडकी थोडी उघडी ठेवून द्या. झोपताना शेगडी खोलीबाहेर. निखारा राखेखाली असला तरी बाहेरच.

पुढच्या बैठकीआधी एक काम करा. वाऱ्याच्या रात्री उदबत्ती लावून दारं, खिडक्या, पत्र्याच्या कडा यांच्याजवळून फिरवा. जिथं धूर हलेल तिथं फट आहे. फटी लिंपा, पण चुलीचं धुराडं आणि हवेची एक खिडकी सोडून. कुणाच्या घरात किती फटी निघाल्या, ते बैठकीत सांगा. आणि गटात कुणी बाळंतीण असेल, तर आज रात्रीच तिच्या खोलीत डोकावून या.

येतो आम्ही. लडाखी भाषेत नमस्काराला आणि निरोपालाही एकच शब्द आहे, जुले!