हडसन नदीवरची आकाशवाट

मोठ्या शहरांत राहणाऱ्या माणसाला तें शहर क्वचितच दिसतें. त्याला दिसते ती आपली गल्ली, बाजार, कचेरीची वाट, आणि इमारतींच्या फटींतून डोकावणारें चतकोर आकाश. शहराचा आकार डोळ्यांत भरावयाचा तर उंच जावें लागतें. म्हणून माणूस पूर्वीं टेकडी चढला आणि पुढें त्यानें मनोरे बांधले. न्यूयॉर्क शहरांत अशा मनोऱ्यांची वाण नाहीं. १९३१ सालीं पुऱ्या झालेल्या एम्पायर स्टेट इमारतीचें छप्परच जमिनीपासून १२५० फुटांवर आहे. परंतु मनोऱ्यावरचा प्रेक्षक एका जागीं खिळलेला असतो. त्याला शहर दिसतें, पण शहराच्या काठाकाठानें जातां येत नाहीं. त्यासाठीं हवें दोन-चार माणसांचें लहानसें खाजगी विमान. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, जगांतील अत्यंत गजबजलेल्या आकाशांत ज्याची गणना होते, त्या आकाशांतून असें विमान कोणा नियंत्रकाची अनुज्ञा न मागतां नदीवरून जाऊं शकतें. त्या वाटेची, आणि ती वाट ज्या विश्वासावर उभी आहे त्या विश्वासाची, ही हकीकत आहे.

ह्या वाटेनें विमानांतून प्रथम गेला तो विल्बर राइट. हेन्री हडसन ह्या दर्यावर्द्यानें १६०९ सालीं आपलें जहाज ह्या नदींत घातलें, त्याला तीनशें वर्षें झाल्याचा मोठा उत्सव १९०९ सालीं न्यूयॉर्कनें केला. त्या उत्सवांत २९ सप्टेंबर रोजीं राइट ह्यानें गव्हर्नर्स बेटावरून उड्डाण करून स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यास प्रदक्षिणा घातली. ४ ऑक्टोबर रोजीं तो नदीवरून उत्तरेकडे जनरल ग्रँट यांच्या समाधीपर्यंत गेला आणि परत आला. ह्या साऱ्या प्रवासास सुमारें तेहतीस मिनिटें लागलीं. दोन्ही तीरांवर लाखों लोक माना वर करून उभे होते. त्यांतील किती जणांचें लक्ष विमानाच्या पोटाखालीं गेलें असेल कोण जाणे! तेथें राइटनें एक लहानशी होडी बांधून ठेवली होती. यंत्र बंद पडलें आणि पाण्यांत उतरावें लागलें, तर आपलें यान तरंगत राहावें, एवढाच तिचा हेतु. होडीची गरज पडली नाहीं. परंतु शहर पाहावयास जो वर जातो त्यानें खालीं येण्याचा विचार आधीं करावा, हा धडा त्या पहिल्या प्रवाशानेंच घालून दिला.

आजची वाट कशी आहे, तें पाहण्याजोगें आहे. न्यूयॉर्कच्या भोंवतीं केनेडी, ला गार्डिया आणि न्यूअर्क असे तीन मोठे विमानतळ आहेत. त्यांच्या वाहतुकीसाठीं शहरावरचें बहुतेक सारें आकाश नियंत्रकांच्या ताब्यांत असतें. त्यांत शिरावयाचें तर बिनतारी यंत्रावरून स्पष्ट अनुज्ञा मिळवावी लागते. हडसन नदीच्या पात्रावर मात्र १३०० फुटांच्या खालची एक पट्टी मोकळी सोडलेली आहे. दक्षिणेस व्हेराझानो पूल आणि उत्तरेस अल्पाइन येथील मनोरा ह्यांच्या दरम्यान ती सुमारें पंचवीस मैल पसरली आहे. वर न दिसणारें छत, खालीं पाणी, बाजूला इमारती. असा हा जणूं भिंती नसलेला बोगदाच आहे.

ह्या बोगद्याचेहि मजले आहेत. १००० फुटांच्या खालचा भाग तेथल्या तेथें फिरणाऱ्यांसाठीं, म्हणजे मुख्यतः प्रवाशांना सहल घडविणाऱ्या हेलिकॉप्टरांसाठीं आहे. १००० ते १३०० फुटांमधला भाग सरळ निघून जाणाऱ्या विमानांचा. म्हणजे जाणाऱ्याच्या वाट्याला उंचीचे अवघे तीनशें फूट येतात. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा चौथऱ्यासह त्याहून पांच फुटांनीं उंच आहे! उत्तरेकडे जाणाऱ्यानें पूर्वेचा, म्हणजे मॅनहॅटनचा काठ धरावा. दक्षिणेकडे येणाऱ्यानें पश्चिमेचा, म्हणजे न्यू जर्सीचा. वेग १४० नॉटांच्या, म्हणजे ताशीं सुमारें १६० मैलांच्या वर जाऊं देऊं नये. विमानाचे दिवे लावलेले असावे. त्या प्रदेशाचा चालू नकाशा जवळ असावा, आणि तो नुसता जवळ नसून डोक्यांतहि असावा.

सर्वांत महत्त्वाचा नियम आवाजाचा आहे. ह्या वाटेवर वळणें सांगणारा शिपाई नाहीं. प्रत्येक वैमानिकानें १२३.०५ मेगाहर्ट्‌झ ह्या एकाच लहरीवर आपलें विमान कोणतें, तें कोठें आहे, किती उंचीवर आहे आणि कोणीकडे चाललें आहे, हें ठरलेल्या खुणांपाशीं मोठ्यानें सांगावयाचें. घाटांत आंधळें वळण आलें कीं गाडीवान हाळी देतो, त्याचीच ही आकाशांतील आवृत्ति.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एक सेस्ना १७२ जातीचें विमान दक्षिणेकडून ह्या वाटेला लागलें आहे. १९५५ सालीं प्रथम उडालेलें हें चार आसनांचें विमान आजवर ४४,००० हून अधिक संख्येनें तयार झालें आहे. त्याचे पंख डोक्यावर असल्यामुळें खालचा देखावा मोकळा दिसतो. पहिली खूण व्हेराझानो पुलाची. १९६४ सालीं खुल्या झालेल्या ह्या पुलाचे मनोरे ६९३ फूट उंच आहेत. पूल मागें पडला कीं बंदर उलगडतें. डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवी येते. जमिनीवरून जिच्याकडे मान वर करून पाहावें लागतें, ती येथून हातांत दिवा घेतलेल्या बाहुलीएवढी दिसते. लगेच उजवीकडे मॅनहॅटनचें दक्षिण टोंक येतें, आणि तेथें एक चमत्कार घडतो. विमानांत बसलेल्या माणसाला इमारतीचा माथा पाहण्यासाठीं मान वर करावी लागते! २०१४ सालीं उघडलेली वन वर्ल्ड ट्रेड सेंटर ही इमारत शिखरासह १७७६ फूट उंच आहे, आणि विमान आहे तिच्या खांद्याखालीं.

पुढें डावीकडे जर्सी सिटीच्या किनाऱ्यावर १९२४ सालचें अष्टकोनी घड्याळ लागतें. त्याची रुंदी ५० फूट आहे. वैमानिक त्याला नुसतें ‘घड्याळ’ म्हणतात, आणि तें गांठल्याची वर्दी देतात. त्यानंतर उजव्या हाताला नांगरलेली इन्ट्रेपिड ही जुनी विमानवाहू युद्धनौका. १९४३ सालीं आरमारांत दाखल झालेली ही नौका १९८२ पासून संग्रहालय होऊन राहिली आहे. तिच्यामागें शेंकडों छपरें आणि त्यांवरच्या पाण्याच्या लांकडी टांक्या. क्षणभर इमारतींच्या रांगेंतून सेंट्रल पार्कची ८४३ एकरांची हिरवळ डोकावते. मग १९३१ सालचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल, पश्चिम तीरावरचे उंच कडे, आणि शेवटीं अल्पाइनचा मनोरा. तो एडविन आर्मस्ट्राँग ह्यानें आपल्या नव्या पद्धतीच्या नभोवाणीसाठीं उभारला. ज्या वाटेवर परस्परांचा आवाज हाच आधार, तिच्या वेशीवर नभोवाणीचा मनोरा असावा, हें यथायोग्यच आहे. एवढें सारें जेमतेम पाव तासांत संपतें.

परंतु हें पाहतो तो उतारू. वैमानिकानें काय पाहावें, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरांतच ह्या सहलीचें सारें मर्म आहे.

दोन विमानें एकमेकांवर आदळण्याच्या मार्गावर असतील, तर एकांतून पाहणाऱ्याला दुसरें हलतांना दिसत नाहीं. काचेवरच्या डागाप्रमाणें तें एकाच ठिकाणीं राहतें. फक्त मोठें होत जातें, आणि तेंहि प्रथम अगदीं हळूहळू, शेवटच्या कांहीं क्षणांत एकदम. मनुष्याची दृष्टि हालचालीला चटकन टिपते, स्थिर ठिपक्याला नाहीं. त्यांतच मागें सहस्रावधि खिडक्यांचें शहर असलें, म्हणजे तो ठिपका त्यांत विरून जातो. म्हणून ज्या ठिकाणीं पाहण्यासारखें पुष्कळ आहे, त्याच ठिकाणीं दिसावयास हवें तें दिसत नाहीं.

८ ऑगस्ट २००९ रोजीं हेंच घडलें. स्वच्छ दिवस होता, दुपारचे बारा वाजत आले होते. तीन माणसांना घेऊन चाललेलें पायपर जातीचें खाजगी विमान आणि पांच इटालियन प्रवाशांना शहर दाखविणारें हेलिकॉप्टर ह्यांची नदीवर सुमारें ११०० फुटांवर टक्कर झाली, आणि नऊच्या नऊ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमानाचे पंख खालच्या बाजूस होते, आणि हेलिकॉप्टर पुढून खालच्या अंगानें वर चढत होतें. चौकशी मंडळानें प्रमुख कारण म्हणून डोळ्यांनीं पाहून टाळण्याच्या पद्धतीच्या अंगभूत मर्यादेकडेच बोट दाखविलें. नियंत्रकाचें लक्ष एका अवांतर दूरध्वनि-संभाषणांत गुंतलें होतें, आणि दोन्ही यानांतील सूचनायंत्रांचा पुरता उपयोग झाला नाहीं, हेंहि त्यानें नमूद केलें. वर सांगितलेले मजल्यांचे आणि वर्दीचे सक्तीचे नियम त्याच वर्षाच्या १९ नोव्हेंबरपासून अमलांत आले. तत्पूर्वीं त्यांतील पुष्कळसे केवळ शिष्टाचार म्हणून पाळले जात. शिष्टाचाराचा कायदा होण्यास नऊ जीवांचें मोल पडलें.

शेजारच्या ईस्ट नदीची कथा निराळी. हडसनची वाट दोन्हीकडे उघडी आहे, ईस्ट नदीची वाट उत्तरेकडे बंद. तिच्यांत शिरलेल्याला मागें फिरावेंच लागे, आणि तेंहि अर्ध्या मैलाहून अरुंद जागेंत. ११ ऑक्टोबर २००६ रोजीं बेसबॉलचा नामांकित खेळाडू कोरी लायडल आणि त्याच्यासोबतचा शिक्षक ह्यांचें विमान तेथें वळत होतें. वारा पूर्वेकडून होता, आणि वळण पश्चिमेकडे घेतलें गेलें. वाऱ्यानें विमानाला इमारतींकडे रेटलें, आणि तें पूर्व बहात्तराव्या रस्त्यावरील एका इमारतीवर आदळलें. दोघेहि गेले. वळण्याची जागा किती आणि वारा कोठला, ह्याचा हिशेब वळण्यापूर्वीं करावा लागतो. वळतांना तो होत नाहीं.

त्याहि आधींचें उदाहरण हवामानाचें आहे. २८ जुलै १९४५ रोजीं दाट धुक्यांत एक लष्करी बाँबफेकें विमान एम्पायर स्टेट इमारतीच्या एकोणऐंशीव्या मजल्याजवळ घुसलें, आणि चौदा माणसें दगावलीं. तें कांहीं सहलीला निघालें नव्हतें. परंतु धुकें कोणाचा हेतु विचारीत नाहीं. सहल उद्यांवर टाकतां येते, हाच सहलीच्या वैमानिकाला मिळालेला मोठा लाभ आहे. तो ज्याला घेतां येत नाहीं, त्यानें ह्या वाटेला जाऊं नये.

नदी कधीं तारतेहि. १५ जानेवारी २००९ रोजीं पक्ष्यांच्या थव्यामुळें दोन्ही एंजिनें निकामी झालेलें मोठें विमान कॅप्टन सलेनबर्गर ह्यांनीं ह्याच हडसनच्या पाण्यावर उतरविलें, आणि त्यांतील १५५ जणांपैकीं प्रत्येक जण वांचला. राइटच्या होडीचा अर्थ शंभर वर्षांनीं पुन्हां एकवार सिद्ध झाला. एकच एंजिन असलेल्या विमानाचा शहाणा वैमानिक म्हणूनच ह्या नदीवर जातांना प्रत्येकाच्या आसनाशीं तरंगण्याचें जाकीट आहे कीं नाहीं, तें पाहून घेतो.

ह्या सहलीविषयीं खालच्या माणसाचेंहि कांहीं म्हणणें आहे, आणि तें ऐकलें पाहिजे. तो वर गेलेला नाहीं, त्यानें तिकीट काढलेलें नाहीं. पण आवाज आणि धोका त्याच्याहि वाट्याला येतो. १० एप्रिल २०२५ रोजीं सहलीचें एक हेलिकॉप्टर जर्सी सिटीजवळ हडसनमध्यें कोसळलें, आणि वैमानिक आणि एका कुटुंबांतील पांच जण मृत्युमुखीं पडले. अशा उड्डाणांना आळा घालण्याची मागणी त्यानंतर पुन्हां जोरानें पुढें आली. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतरहि खाजगी विमानांना ही वाट कांहीं काळ बंद झाली होती. म्हणजे ही मोकळीक कायमची बक्षीस मिळालेली नाहीं. ती रोज नव्यानें मिळवावी लागते, आणि एकाच्या बेफिकिरीनें सर्वांची जाऊं शकते.

तरीहि ती राखण्याजोगी आहे. ज्या शहरांत माणूस माणसाच्या शेजारीं वर्षानुवर्षें राहून एकमेकांचें नांव जाणत नाहीं, त्याच शहराच्या माथ्यावर अनोळखी माणसें एका लहरीवर आपापला ठावठिकाणा सांगत, एकमेकांसाठीं वाट राखीत जातात. कोणीहि पुढाकार घेऊन त्यांना एकत्र आणलेलें नाहीं. ज्याला स्वतःचा जीव प्यारा, त्याला परक्याच्या जिवाची खबर ठेवावी लागते, एवढ्यावरच हें सारें चालतें. आकाशांतून नगरदर्शन करावयास जाणाऱ्यानें डोळे भरून शहर पाहावें. मात्र त्याआधीं शेजारून कोण चाललें आहे तें पाहावें, आणि आपणहि त्याला दिसूं, ऐकूं येऊं अशी तजवीज करावी. हें ज्याला साधलें, त्याच्यासाठीं हडसनवरची ही पाव तासाची वाट जगांतील अत्यंत सुंदर वाटांपैकीं एक आहे.