मत मागायला येतील तेव्हा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



निवडणूक आली की आपल्या दारात कोण कोण येतं, हे तुम्हाला सांगायला नको. कापसाच्या भावाचं बोलतात, रस्त्याचं बोलतात, बाया दिसल्या की महिन्याला खात्यात किती टाकू ते बोलतात. तुमच्या पोरीला वाचता येतं का, हे मात्र एकाही उमेदवाराच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. ते विचारत नाहीत, तर आपण विचारू.

त्यासाठी थोडी माहिती गाठीशी हवी. मुलांच्या शिक्षणासाठी बाहेरच्या देशांतून पैसा येतो, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असतं. 2020 मध्ये जागतिक बँकेनं ‘स्टार्स’ नावाच्या योजनेसाठी 50 कोटी डॉलर, म्हणजे सुमारे 3,700 कोटी रुपये मंजूर केले. सहा राज्यांसाठी, आणि त्यात महाराष्ट्र होता. पण हे दान नव्हे बरं का, कर्ज आहे. बचत गटातल्या बाईला कर्ज म्हणजे काय, हे मी शिकवायला नको. गटातून पाच हजार उचलले तर कशासाठी उचलले, कुठे खर्च झाले, हे आपण बैठकीत एकमेकींना विचारतो. मग पोरांच्या नावावर देशानं उचललेल्या कर्जाबद्दल गप्प का बसायचं? माझ्या गावच्या शाळेत त्यातून काय आलं, हा साधा प्रश्न आहे.

याआधीही असा पैसा आला होता. 1994 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले मोजके जिल्हे त्यात घेतले, यवतमाळ नव्हता. निवडीचा एक निकष होता स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असणं. आता जिल्ह्याची सरासरी काढली की यवतमाळ शहरातली वकीलबाई आणि झरी-जामणीच्या पोडावरची कोलाम बाई एकाच आकड्यात बसतात! म्हणून उमेदवारानं जिल्ह्याचा आकडा सांगितला तर ऐकून घ्या, आणि मग पोडाचा विचारा, तांड्याचा विचारा, पारध्यांच्या बेड्याचा विचारा.

पोडावरचं लेकरू घरात कोलामी बोलतं. पहिलीत जातं तेव्हा पुस्तक मराठी, गुरुजी मराठी. कोलामी ही काही मराठीची बोली नाही, ती वेगळ्याच कुळातली भाषा आहे. ते लेकरू अक्षरं गिरवतं, पाठ म्हणूनही दाखवतं, पण म्हटलं काय ते त्याला कळत नाही. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलांचंही हेच. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. ‘शक्य तिथे’ या दोन शब्दांच्या आड मात्र कुणालाही लपता येतं. दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला की आणखी एक अडचण. आई वेचणीला जाते, किलोवर मजुरी मिळते, आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते ती मुलगी. मुलगा सहसा राहत नाही. दोन-तीन महिने गेले की तिची अक्षरओळख मागे पडते, मग ती वर्गात मागे बसते, मग बसतच नाही.

अशा मुलींसाठी वाड्या-पोडांवर काम करतात त्या लहान संस्था. त्यांची गोष्ट वेगळी सांगते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेला परदेशातून देणगी मिळायची, त्यातला वाटा ती घाटंजी-मारेगावसारख्या ठिकाणच्या छोट्या संस्थेला देऊ शकायची. सप्टेंबर 2020 मध्ये कायदा बदलला आणि असा वाटा पुढे देण्यावर बंदी आली. परदेशी पैशाचा हिशेब सरकारनं मागावा, कडक मागावा, माझं काही म्हणणं नाही. पण हिशेब मागणं वेगळं आणि नळच बंद करणं वेगळं. मुलांच्या वाचनवर्गांसाठी तरी ही वाट मोकळी करा, असं संसदेत बोलाल का, हे खासदारकीच्या उमेदवाराला विचारायला हवं.

कुणी म्हणेल, बाहेरचा पैसा घ्यायचाच कशाला? पंडिता रमाबाईंनाही हेच ऐकावं लागलं होतं. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं, म्हणून 1889 मध्ये मुंबईत शारदासदन उभं राहिलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. 1893 मध्ये पुण्यात धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मुलींना कुणी विचारलं नाही. मदतीवर शंका घ्यायला माणसं लगेच पुढे येतात, मुलीच्या शाळेसाठी स्वतःच्या खिशात हात घालायला तेवढी येत नाहीत.

अर्थात देणाऱ्याचंही मन फिरतं. ब्रिटननं 2015 नंतर भारताला पूर्वीसारखी अनुदानं देणं थांबवलं. अमेरिकेची यूएसएड ही संस्थाच 2025 मध्ये बंद झाली. म्हणून परक्या पैशावर शाळा टांगून ठेवा, असं मी म्हणत नाही. आयकरावर शिक्षण-आरोग्यासाठी चार टक्के उपकर आहे, तो आधी कुठे जातो ते सांगा. आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार 2023 मध्ये सरकारनं मांडला, तो पोडावर कसा चालणार तेही सांगा. पोडावर वीस मुलं नसतात, आणि सहा वर्षांची पोर नाला ओलांडून ‘समूह शाळे’त जाणार कशी?

हे विचारायचं कुणाला, त्याचाही घोळ आहे. आपला जिल्हा एक, पण लोकसभेला तीन तुकडे: वणी, आर्णी चंद्रपूरकडे, उमरखेड हिंगोलीकडे, उरलेले चार मतदारसंघ यवतमाळ-वाशीममध्ये. कर्जाचं आणि देणगीच्या कायद्याचं खासदाराला विचारा, शाळा मिटवण्याचं आमदाराला, गळक्या छताचं आणि रिकाम्या शिक्षकपदाचं जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला. मार्च 2022 मध्ये परिषदेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा छताचं कुणाला सांगायचं हेच कळेनासं झालं होतं, आठवतं ना?

एकटीनं विचारू नका, पाच-सहा जणी मिळून जा. दिलेलं उत्तर तिथल्या तिथे वहीत उतरवा, तारीख घाला, उमेदवाराची सही मागा. सही नाही दिली तर तेही लिहा. कोणत्या गावात कोण विचारणार, त्याची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना नाव लिहून जा. जिला लिहिता येत नाही तिनं शेजारणीकडून लिहून घ्या, पण घ्या.