लेकराचा हात आणि आईचं ताट

(मुखेड येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. पोटगी, मारहाण, रेशनकार्ड यावर बोलणारी बाई आज लेकरानं आपल्या हातानं कसं खावं ते सांगणार! पण या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर सुनांशी बोलताना एक वाक्य सारखं कानावर येतं. "लेकरू वाळलं म्हणून मलाच बोलतात, ताई." एकीला तर त्यापायी नवऱ्याचा मार बसला होता. लेकरू नऊ महिन्यांचं. सासू म्हणते, हिला चारता येत नाही. नवरा म्हणतो, दिवसभर करतेस काय? आणि ही बाई सकाळी सोयाबीन काढायला गेलेली दिवस मावळता घरी येते.

मी गेले तेव्हा लेकराला चारणं चाललं होतं. पायावर आडवं घेतलेलं, हात दाबून धरलेले. रडायला तोंड उघडलं की पातळ पेज आत ओतायची. लेकरू मान फिरवतंय, ठसकतंय. आई, सासू, नणंद, तिघींचा पाऊण तास त्यात गेला. रडणाऱ्या, आडव्या लेकराच्या तोंडात असं ओतलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं, हे आपण आधी ध्यानात घेऊ. पुढे काय झालं ते ऐका. आई भाकरी घेऊन बसली तसं तेच लेकरू रांगत आलं आणि तिच्या ताटात हात घातला. सासूनं हात ओढून घेतला. म्हणाली, "उष्टं करतंय बघा."

मला आज त्या हाताबद्दल बोलायचं आहे.

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, हे सेविकांना मी सांगायला नको. पुढे दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू करायचं. आपल्याकडे उष्टावण साधारण याच वेळी होतं. मामा खीर चाटवतो, सगळे कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवसापासून ते काम एकट्या आईच्या गळ्यात पडतं. याच सुमाराला लेकरू थोड्या आधारानं बसायला लागतं, मान सावरतं, दिसेल ते पकडून तोंडात घालतं. म्हणजे त्याची तयारी झालेली असते. इंग्लंडमध्ये आरोग्यसेविका म्हणून काम केलेल्या गिल रॅपली यांनी 2008 साली यावर एक पुस्तक लिहिलं, तेव्हापासून शहरातल्या आयांमध्ये ही नवी पद्धत म्हणून बोलली जाते. भाकरीचा मऊ पापुद्रा लेकराच्या हाती देणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवं काय ते कळणार नाही.

द्यायचं काय? उकडलेलं रताळं, भोपळा, बटाटा, बोटाएवढी लांब फोड करून. आपल्या दोन बोटांत सहज चिरडली पाहिजे एवढी मऊ. पिकलं केळं. मुगाच्या घट्ट खिचडीचा गोळा. वरणात भिजवलेली भाकरी. उकडलेलं अंडं. मीठ-साखर वेगळी घालायची नाही, आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. पण नुसत्या रताळ्या-केळ्यावर भागत नाही. सहा महिन्यांनंतर लेकराच्या अंगातला लोहाचा साठा सरत येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांपैकी सुमारे 69 टक्क्यांना रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणून डाळ, अंडं, पालेभाजी आणि ज्या घरात चालतं तिथे मऊ शिजवलेली, कुस्करलेली कलेजी रोजच्या खाण्यात आलटून पालटून यायला हवी. डाळ-भाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी जास्त लागतं.

काही शिकलेल्या आया चमचा म्हणून लावायचाच नाही असा नेम करतात. मला तो हट्ट वाटतो. लेकरानं हातानं खावं आणि जोडीला कुणीतरी घट्ट वरणभात भरवावा. कुणीतरी म्हणजे बापानंही. लेकरानं तोंड फिरवलं की थांबायचं, एवढंच पाळा.

सगळ्यांची भीती एकच, घशात अडकलं तर? ती खोटी नाही. पण उबळ येणं वेगळं आणि श्वास कोंडणं वेगळं. उबळ आली की लेकरू आवाज करतं, लाल होतं, घास पुढे ढकलतं. तेव्हा आपण घाबरून बोट घालायचं नाही. श्वास कोंडला तर आवाज बंद होतो, ओठ निळसर पडतात. तेव्हा लेकराला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर दोन्ही फऱ्यांच्या मधोमध तळहातानं पाच थापा द्यायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच वेळा दाबायचं. निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहायचं आणि दवाखान्याकडे माणूस धाडायचं. शेंगदाणे, फुटाणे, बोरं, कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं लहान लेकराच्या हाती द्यायचीच नाहीत. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं 206 आया-लेकरांचा अभ्यास केला होता. कोणते पदार्थ द्यायचे आणि कोणते टाळायचे हे आयांना नीट शिकवलं, तेव्हा हातानं खाणाऱ्या लेकरांमध्ये गुदमरण्याचे प्रसंग चमच्यानं खाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले नाहीत. मात्र लेकरू सरळ बसलेलं हवं आणि मोठं माणूस शेजारी हवं.

आणि इथेच आपली गाडी अडते. शेजारी बसणार कोण?

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी इथे बसल्या आहेत. पहाटे अंधारात फडावर जायचं, लेकरू कोपीत नाहीतर बांधावर, सांभाळायला आठ वर्षांची ताई. लेकराच्या हाती भाकरीचा तुकडा तिथेही असतो. पण पाहणारं कुणी नसतं, हात धुवायला पाणी नसतं आणि त्या ताईची शाळा बुडालेली असते. त्याला आपल्या हातानं खाणं म्हणून गोड नाव द्यायला माझी जीभ रेटत नाही. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. लेकरू सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे कायद्यात एकदा लिहिलं गेलं. मग फडावर ते मागायला आपण का लाजायचं?

आता घरातलं बोलू. लेकरू पाहून शिकतं. सगळे जेवत असतील, शेजारी त्याचीही ताटली असेल तर ते खातं. पण आपल्या घरात आई जेवते कधी? पुरुष उठल्यावर, मुलं उठल्यावर, सासूच्याही नंतर. तोवर लेकरू झोपलेलं असतं. जागं असलंच तर आईच्या ताटात त्याला काय मिळणार? वरणातलं पाणी आणि कोरडी भाकरी. डाळ आधीच संपलेली.

अमेरिकेत 1926 साली क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीणबाईंनी नुकतंच दूध सुटलेल्या लेकरांना आपल्या मनानं खाऊ देण्याचा प्रयोग सुरू केला. परिचारिकांनी आग्रह करायचा नाही, लेकरानं दाखवलं तेच द्यायचं. लेकरं चांगली वाढली. पुढे बाईंनीच सांगितलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. 34 पदार्थ होते आणि सगळे सकस. लेकरानं काहीही उचललं तरी चांगलंच उचललं जाणार. आपल्याकडे लेकरापुढे काय येणार हे आईच्या ताटात काय उरलं त्यावर ठरतं. म्हणून लेकराला हातानं खाऊ द्या असं मी सांगते तेव्हा सुनेला सगळ्यांबरोबर ताटावर बसवा, असंही सांगते.

त्या पहिल्या घरी हे बोलले तेव्हा सासू गप्प झाली. मग म्हणाली, "सून आधी जेवली तर लोक काय म्हणतील?" मी विचारलं, "मावशी, तुम्ही गरम भाकरी कधी खाल्ली?" त्यावर ती हसली आणि पदर तोंडाला लावला. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. त्या दिवशी काही बदललं नाही, खोटं कशाला सांगू. पंधरा दिवसांनी गेले तर दुपारी दोघी, पुरुष शेतात असताना, एकाच वेळी जेवत होत्या. मध्ये जुनं लुगडं अंथरून लेकरू बसवलेलं. निम्मं अन्न खाली. सांडलेलं कोंबड्या टिपत होत्या. नासाडी होते म्हणून आजी कुरकुरत होती, पण लेकराच्या हातातलं रताळं तिनं काढून घेतलं नाही. रात्रीची पंगत अजून पहिल्यासारखीच आहे. नवऱ्याशी बोलायचं बाकी आहे आणि ते सोपं नाही.

माझं बोलणं पुरे. मी रताळी उकडून आणली आहेत. सहा महिन्यांपुढची लेकरं घेऊन ज्या आल्या असतील त्यांनी पुढे या. आधी लेकराचे आणि आपले हात धुऊ, घागर दाराशी ठेवली आहे. आणि मागच्या रांगेतल्या आज्याबाईंनो, तुम्हीही पुढे या.