शिकाऊ लायसन आणि सातबारा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



ज्यांच्या घरी ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल आहे त्यांनी हात वर करावेत. जवळजवळ सगळेच हात वर आले. आता ज्यांच्या खिशात त्या गाडीचे, मुदत न संपलेले लायसन आहे तेवढ्यांनीच हात वर ठेवावेत. (हशा) हसू नका. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आम्हाला कोणी विचारला असता तर आमचाही हात खाली गेला असता.

आम्ही एकाच गावचे सात जण. कोणी वीस वर्षे ट्रॅक्टर हाकलेला, कोणी कापसाची ट्रॉली जिनिंगपर्यंत रातोरात नेणारा. लायसन कोणाकडेच नव्हते. पोलिसाने अडवले की शंभर-पन्नास हातावर ठेवायचे आणि पुढे निघायचे, हाच आमचा वाहतुकीचा कायदा.

मग शेजारच्या गावात एक प्रकार घडला. ट्रॅक्टरचा विमा होता, हप्ता भरलेला होता. पण त्या दिवशी ट्रॅक्टर मालकाच्या पुतण्याने घेतला. त्याच्याकडे लायसन नाही हे मालकाला माहीत होते. संध्याकाळच्या अंधारात सायकलवरून येणारा एक मजूर ट्रॉलीखाली गेला. त्याची बायको दावा घेऊन मोटार अपघात न्यायाधिकरणात गेली आणि भरपाई मंजूर झाली. ती व्हायलाच हवी होती. तो माणूस आपल्यातलाच होता. पण न्यायाधिकरणाने कंपनीला सांगितले की आधी तुम्ही पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा.

ही वसुली कशी होते ते नीट ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला दाखला देऊ शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे अपघात झाला रस्त्यावर आणि नोटीस येते तहसिलीतून. दुष्काळात जे वावर आपण विकले नाही, ते एका लायसनापायी जाऊ शकते. त्या दिवशी आम्हा सातही जणांची झोप उडाली.

आम्ही शिकाऊ लायसन काढायला निघालो. त्याची परीक्षा असते. प्रश्न पंधरा, त्यातले नऊ बरोबर आले पाहिजेत. २०२१ पासून आपल्या राज्यात आधार कार्डावर ही परीक्षा घरबसल्याही देता येते. आम्ही मात्र तालुक्याच्या कॅम्पला गेलो. वीस वर्षांचे ड्रायव्हर म्हणून मिशीला पीळ देऊन बसलो आणि सातातले तिघे नापास झालो. (हशा) ट्रॅक्टर हाकता येतो म्हणजे रस्ता कळतो असे नाही, हे तिथे समजले.

आम्हाला आडवे आले ते प्रश्न सांगतो. शिपाई नाही, दिवा नाही अशा चौकात वाट कोणाला द्यायची? आम्ही म्हणालो, मोठ्या गाडीला. चूक. आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला. आणि पांदणीतून किंवा लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना मोठ्या रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. आपण काय करतो? ट्रॅक्टरचे नाक डांबरीवर घालतो आणि मग दोन्हीकडे पाहतो.

पाट्यांचेही तसेच. पाटीचा आकार ओळखता आला तर अक्षर न वाचताही अर्थ लागतो. गोल पाटी म्हणजे हुकूम, तो मोडला की गुन्हा. त्रिकोणी पाटी म्हणजे इशारा, पुढे वळण आहे, पूल अरुंद आहे, शाळा आहे. चौकोनी पाटी माहिती देते, दवाखाना कुठे, पेट्रोल कुठे. आठ कोनांची तांबडी पाटी दिसली की थांबायचेच. रस्त्याच्या मध्ये सलग पांढरी रेघ असेल तर ती ओलांडायची नाही. तुटक असेल तर समोरचे पाहून ओलांडता येते.

आता शिकाऊ लायसन म्हणजे काय ते बघू. ते सहा महिने चालते. काढल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनाची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावायचे, आणि त्या गाडीचे पक्के लायसन असलेला माणूस सोबत हवा. तो गाडी आवरू शकेल, थांबवू शकेल असा बसलेला हवा, मागे ट्रॉलीत झोपलेला नको. मोटारसायकल शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवायचे नाही. ट्रॅक्टर शिकायचा तर आधी आपल्या रिकाम्या वावरात हात बसवा, मग रस्त्याचे नाव काढा. मोटारसायकलच्या लायसनावर ट्रॅक्टर चालत नाही, लायसनावर त्या वाहनाचा प्रकार लिहिलेला असावा लागतो. आणि गावचा रस्ता आहे, कोण पाहतो, असेही समजू नका. लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा कायद्याने सार्वजनिक आहे, मग ती पांदण असो की आठवडी बाजाराचे पटांगण.

कोणी म्हणेल, शिकाऊ लायसनाला काय किंमत? किंमत आहे. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात स्पष्ट सांगितले की शिकाऊ लायसन हेही लायसनच आहे. तेवढ्या एका कारणावरून विमा कंपनीला अंग काढून घेता येत नाही. सहा महिन्यांचा तो कागद तुमच्या सातबाराच्या आड उभा राहतो. मात्र 'एल'ची पाटी आणि सोबतचा माणूस हे नियम पाळलेले असावेत, कंपनीच्या वकिलाच्या हातात आयते कोलीत देऊ नका.

आणखी तीन गोष्टी घरोघर बोलायच्या आहेत.

पहिली, पोरांची. नववी-दहावीतला पोरगा ट्रॅक्टर चालवतो म्हणून आपण चारचौघांत कौतुक करतो. अठरा वर्षांखाली ट्रॅक्टर रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने १९९ अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर बापाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. आपण कौतुकापायी त्याचेच हात बांधतो.

दुसरी, ट्रॉलीत माणसे बसवण्याची. वेचणीला बाया न्यायच्या, लग्नाला वऱ्हाड न्यायचे, ट्रॉलीशिवाय आपले चालत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. बस वेळेवर येत नाही हेही खरे. पण ट्रॉली मालासाठी आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयात ट्रॅक्टर-ट्रॉलीवर जखमी झालेल्या मजुराचा खटला आला. विमा कंपनी त्याला जबाबदार नाही असे ठरले. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम झाला. म्हणजे वसुली पुन्हा मालकाच्याच दारात. मजुरांना न्यायला प्रवासी वाहन भाड्याने करा, चार शेतकऱ्यांनी मिळून भाडे वाटून घ्या. आम्ही गेल्या हंगामात तसे केले. पैसे जास्त गेले, पण रात्री झोप लागली. शिवाय ट्रॉलीची नोंद तुमच्या विम्यात आहे का, तेही घरी जाऊन पाहा. ट्रॉलीच्या मागे तांबडे चमकणारे रिफ्लेक्टर लावा. कडबा किंवा कापूस त्यावर लोंबू देऊ नका.

तिसरी, अपघात झाला तर काय करायचे. पळू नका. जखमी माणसाला दवाखान्यात न्या. जमाव अंगावर येत असेल तर थेट पोलिस ठाण्यात जा. चोवीस तासांच्या आत पोलिसांना आणि लवकरात लवकर विमा कंपनीला खबर द्या. दुसऱ्याच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलिस जबरीने नाव सांगायला लावू शकत नाहीत, हे आता कायद्यात आहे, तेव्हा मदतीला भिऊ नका. आणि आपल्या बैलगाडीला किंवा पायी चालणाऱ्या माणसाला रात्री कोणी उडवून पळून गेले, गाडी सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. हे माहीत नसल्याने कितीतरी घरे रडून गप्प बसतात.

दलालाच्या हाताने लायसन काढू नका. फीची पावती स्वतः घ्या, परीक्षा स्वतः द्या. बनावट लायसन निघाले तर दलाल नाही, तुम्ही उभे राहाल कोर्टात. आणि मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली.

आमच्या सात जणांतले ते तिघे दुसऱ्या खेपेला पास झाले. त्यातला एक बावन्न वर्षांचा आहे. 'एल'ची पाटी लावून ट्रॅक्टर गावातून नेताना पोरे त्याच्यामागे ओरडत पळत होती. तो म्हणाला, ओरडू द्या, वावर तर राहील.

भावांनो, भावासाठी आपण रस्त्यावर उतरतो. बाजारात रुपया-आठ आणे कमी मिळाले तर भांडतो, भांडायलाच पाहिजे. पण सगळ्या वर्षाची, सगळ्या जन्माची कमाई एका संध्याकाळी जाऊ शकते, तिकडे आपले लक्ष नाही. या वेचणीच्या आधी प्रत्येक गावातून निदान दहा जणांनी शिकाऊ लायसन काढावे, आणि पुढच्या बैठकीला आम्ही हाच प्रश्न पुन्हा विचारू, तेव्हा हात खाली जाऊ नयेत, एवढेच मागणे आहे.