नवा सेल्फ, तरी खरखर
ट्रकचा सेल्फ बदलूनही खरखर आली, की दोष नव्या सेल्फवर जातो. पण आवाज नेमका कधी येतो, ते आधी ऐका. सेल्फ मारताना कर्कश आवाज आला, तर सेल्फचा पिनियन आणि फ्लायव्हीलवरचा रिंग गिअर यांच्यातलं अंतर बहुधा जास्त आहे. इंजिन सुरू होऊन चावी सोडल्यावर आला, तर कमी. जुना सेल्फ गप्प होता, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण जुने दाते एकत्र झिजून जुळलेले असतात. शिवाय सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण तीनच जागी थांबतं, त्यामुळे रिंग गिअर तिथेच जास्त झिजतो आणि खरखर कधी येते, कधी नाही. सेल्फ सदोष असूही शकतो. मात्र टेबलावर मोकळा फिरवून अंतराचा किंवा रिंग गिअरचा दोष दिसत नाही. परत करण्यापूर्वी बॅटरीची तार काढा, बोल्ट तपासा, फ्लायव्हील पूर्ण फिरवून प्रत्येक दाता बघा.